विश्लेषण : कामे पाच हजार, मेमरी मोजकीच! संगणकाला हिशेब शिकवणारे एड्सगर डाइक्स्ट्रा कोण होते?

समजा, बुलढाण्यातील एका तरुणाने प्रोग्राम लिहिला. स्कॅन केलेले सातबारे एकेक करून उघडायचे, त्यातील माहिती वाचायची आणि तक्त्यात भरायची, एवढेच त्याचे काम. वीस सातबाऱ्यांवर चाचणी घेतली, झकास चालला. मग वेळ वाचवण्यासाठी त्याने पाच हजार सातबारे एकाच वेळी समांतर चालवायला सोडले. दोन मिनिटांत लॅपटॉप गोठला, माउसचा बाण हलेना आणि थोड्या वेळाने प्रोग्राम कोणतीही नीट सूचना न देता नाहीसा झाला. अर्धवट तक्ताही गेला.

प्रोग्रामच्या तर्कात चूक नव्हती. चूक होती हिशेबाची. उघडलेला एक स्कॅन ५० एमबी जागा घेत असेल, तर पाच हजार स्कॅनना सुमारे २५० जीबी लागतात. लॅपटॉपची मेमरी ८ जीबी. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरपासून मोबाइलमधील अॅपपर्यंत हा प्रश्न रोज कुठे ना कुठे उभा राहतो. त्यावरचे पायाभूत उत्तर साठ वर्षांपूर्वी नेदरलँड्समधील एका प्राध्यापकाने दिले होते. शेगाव, चिखली, मलकापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेपरसाठी त्यांचे नाव पाठ करतात, पण त्यांचे आयुष्य सहसा कुणी सांगत नाही. एड्सगर डाइक्स्ट्रा कोण होते आणि त्यांनी नेमके काय केले, ते पाहू या.

वकील व्हायचे होते, प्रोग्रामर झाले

एड्सगर वीबे डाइक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी रॉटरडॅम शहरात झाला. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, आई गणितज्ञ. आईने कधी नोकरी केली नाही, पण गणितातील नेटकेपणा मुलाने तिच्याकडूनच घेतला. शाळेत असताना त्यांना कायदा शिकून संयुक्त राष्ट्रांत देशाचे प्रतिनिधित्व करायचे होते. प्रत्यक्षात ते लायडन विद्यापीठात गणित आणि भौतिकशास्त्राकडे वळले.

१९५१ मध्ये वडिलांच्या नजरेस एक जाहिरात पडली. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात संगणकाच्या प्रोग्रामिंगचा उन्हाळी वर्ग होणार होता. एड्सगर तिथे गेले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९५२ मध्ये, ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात त्यांना प्रोग्रामर म्हणून काम मिळाले. नेदरलँड्समध्ये या कामासाठी नेमणूक झालेले ते पहिलेच. हा व्यवसाय इतका नवा होता, की १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदणीवेळी त्यांनी व्यवसाय प्रोग्रामर असा लिहिला, तेव्हा पालिकेने तो मान्यच केला नाही. असा व्यवसायच नसतो, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे पडले. अखेर कागदावर सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ अशी नोंद झाली.

त्याआधीच १९५६ मध्ये त्यांनी दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा रस्ता शोधण्याची रीत तयार केली होती. होणारी पत्नी मारिया हिच्याबरोबर खरेदीला गेले असता दमून एका कॅफेत बसले आणि कागद-पेन न घेता वीस मिनिटांत ती रचली. बुलढाण्याहून लोणारला जाताना मोबाइलवर रस्ता शोधला, की मागे चालणाऱ्या गणिताच्या मुळाशी हीच रीत आहे. मात्र समांतर कामांचा प्रश्न त्यांच्यापुढे वेगळ्या वाटेने आला.

मधेच आवाज देणारे यंत्र

त्या काळी संगणक एका वेळी एकच काम करत असे. छापण्याचे यंत्र किंवा कागदी पट्टी वाचणारे यंत्र संथ असल्याने मुख्य संगणक त्यांची वाट पाहत रिकामा बसायचा. १९५० च्या दशकाच्या अखेरीस गणित केंद्रातील सहकारी ब्राम लूपस्ट्रा आणि कारेल स्कोल्टेन एक्स-१ हा नवा संगणक घडवत होते. त्यांनी तोडगा सुचवला. संगणकाने आपले काम करत राहावे आणि बाहेरचे यंत्र मोकळे झाले की त्याने मधेच आवाज द्यावा. याला इंटरप्ट म्हणतात.

डाइक्स्ट्रा यांना ही कल्पना लगेच पटली नाही. आवाज नेमका कधी येईल, हे आधी सांगता येत नाही. त्यामुळे आज आलेली चूक उद्या तशीच पुन्हा येईल याची खात्री नाही आणि जी चूक पुन्हा घडवून पाहता येत नाही, ती शोधायची कशी? समांतर काम करणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामरला आजही हाच त्रास होतो. शेवटी त्यांनी हे आव्हान स्वीकारले आणि इंटरप्ट हाताळणारा प्रोग्राम लिहिला. त्याच कामावर १९५९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. चाचणीत पास झाला म्हणजे प्रोग्राम बरोबर आहे, असे समजता येत नाही, हे तिथेच त्यांच्या मनात पक्के झाले. समांतर कामांत घडू शकणारे क्रम इतके असतात, की सगळे तपासून पाहणे शक्यच नसते. म्हणून रचनाच अशी हवी, की चुकीचा क्रम घडूच नये.

१९६० मध्ये याप सोनेफेल्ड यांच्यासोबत त्यांनी अल्गोल ६० या भाषेसाठी कंपायलर पूर्ण केला. काम संपेपर्यंत दाढी करायची नाही, असे दोघांनी ठरवले होते. काम झाल्यावर सोनेफेल्ड यांनी दाढी काढली, डाइक्स्ट्रा यांनी कायमची ठेवली. या कामात त्यांनी मेमरी वापरण्यासाठी स्टॅकची पद्धत वापरली. ताटांवर ताटे रचावीत तशी जागा वर वर घ्यायची आणि काम संपले की वरून काढत परत द्यायची. अशा कल्पना त्या सुमारास इतरत्रही पुढे येत होत्या, पण स्वतःलाच पुन्हा बोलावणारे उपप्रोग्राम स्टॅकवर कसे नीट चालतात, हे त्यांनी स्पष्ट मांडले. आज समांतर चालणाऱ्या प्रत्येक थ्रेडला असा स्वतंत्र स्टॅक द्यावा लागतो. त्यामुळे थ्रेड वाढवले, की काही न करताही मेमरीवरचा भार वाढतो.

११० किलोबाइटमध्ये अनेक कामे

१९६२ मध्ये डाइक्स्ट्रा आइंडहोवनच्या तंत्रविद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. तिथे त्यांच्या छोट्या गटाने टीएचई नावाची ऑपरेटिंग सिस्टीम बांधली. हे नाव म्हणजे विद्यापीठाच्या डच नावाची आद्याक्षरे. गटात फार तर सहा जण होते आणि तेही सरासरी अर्धवेळ.

त्यांच्या हाती असलेल्या एक्स-८ संगणकाची मुख्य मेमरी होती ३२ हजार शब्दांची, प्रत्येक शब्द २७ बिटांचा. आजच्या भाषेत साधारण ११० किलोबाइट. व्हॉट्सअॅपवर येणारा एखादा फोटोही यापेक्षा मोठा असतो. जोडीला फिरणारा चुंबकीय ड्रम होता, ५१२ हजार शब्दांचा. म्हणजे मुख्य मेमरीच्या सोळापट जागा, पण वेग फारच कमी. मुख्य मेमरीतील एका फेरीला २.५ मायक्रोसेकंद लागत, तर ड्रमच्या एका फेऱ्याला ४० मिलिसेकंद. दोन्हींमध्ये सोळा हजार पटींचे अंतर.

एवढ्याशा जागेत अनेकांचे प्रोग्राम एकाच वेळी चालवायचे होते. डाइक्स्ट्रा यांनी सिस्टीमचे थर पाडले. सर्वांत खालचा थर प्रोसेसर कोणाला कधी द्यायचा हे पाही. त्यावरचा थर मेमरीचे पाहायचा. माहितीचा कोणता तुकडा मुख्य मेमरीत आहे आणि कोणता ड्रमवर, हे फक्त त्यालाच ठाऊक. वरच्या थरातील प्रोग्रामांनी तुकड्याचे नाव सांगायचे, जागेची चौकशी करायची नाही. त्याहून वर ऑपरेटरशी संवाद, मग यंत्रांकडे जाणारी-येणारी माहिती आणि मग वापरकर्त्यांचे प्रोग्राम. प्रत्येक थर खालच्या थरावर विसंबून, म्हणून खालचा थर तपासून झाला की वरच्याची तपासणी सोपी.

ही रचना त्यांनी ऑक्टोबर १९६७ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यात गॅटलिनबर्ग येथील परिषदेत मांडली आणि मे १९६८ मध्ये ती छापून आली. चाचणीत सापडलेल्या चुका किरकोळ लिखाणाच्या होत्या. समांतर कामे एकमेकांत अडकण्याची चूक त्यांत नव्हती, कारण ती होणार नाही हे आधीच तर्काने तपासले होते.

सेमाफोर म्हणजे काय?

या सिस्टीमचा कणा होता सेमाफोर. हा शब्द रेल्वेच्या हाताच्या सिग्नलवरून घेतला आहे. जलंबहून खामगावला जाणारा छोटा रेल्वे फाटा डोळ्यांसमोर आणा. एकेरी मार्गावर एका टप्प्यात एकच गाडी सोडता येते. पहिली बाहेर पडली, की सिग्नल खाली येतो आणि दुसरी आत जाते. दोन कामांनी एकाच वेळी मेमरीतील एकाच जागी लिहू नये, यासाठी संगणकात हाच नियम लागतो.

डाइक्स्ट्रा यांनी तो आणखी पुढे नेला. सिग्नल केवळ चालू-बंद न ठेवता त्याला आकडा दिला. याची कल्पना शेगावच्या दर्शनबारीवरून येते. प्रकटदिनाला श्री गजानन महाराजांच्या दर्शनासाठी हजारो भाविक येतात, पण गाभाऱ्यापाशी एका वेळी मोजकेच मावतात. म्हणून जेवढे बाहेर पडतील तेवढेच आत सोडायचे. बाकीचे बारीत थांबतात. बारी कितीही लांब झाली तरी आत चेंगराचेंगरी होत नाही आणि कोणाचे दर्शनही चुकत नाही.

सेमाफोर नेमके हेच करतो. सुरुवातीला त्यात एक आकडा ठेवायचा, समजा १००. आत येणारे प्रत्येक काम आकडा एकने कमी करते. आकडा शून्य असेल तर काम दाराशीच झोपते. काम संपवून बाहेर पडणारे आकडा एकने वाढवते आणि झोपलेल्यांपैकी एकाला जाग येते. या दोन क्रियांना डाइक्स्ट्रा यांनी डच शब्दांवरून पी आणि व्ही ही अक्षरे दिली. आज जावा किंवा पायथनमध्ये त्यांची नावे वेगळी असली तरी काम तेच.

यातूनच मर्यादित बफरची रीत आली. एक काम माहिती तयार करते, दुसरे ती वापरते आणि दोघांमध्ये ठरावीक खणांचे कपाट असते. खण भरले, की तयार करणाऱ्याने थांबायचे. रिकामे झाले, की वापरणाऱ्याने थांबायचे. तयार करणारा कितीही वेगवान असला तरी कपाटाबाहेर ढीग लागत नाही. सातबाऱ्याच्या प्रोग्राममध्ये नेमके हे कपाट नव्हते. फायली उघडणारा भाग भराभर उघडत गेला, वाचणारा मागे पडला आणि मधला ढीग मेमरी खात राहिला.

पतसंस्थेचा हिशेब आणि बँकर्स अल्गोरिदम

दारावर मोजणी ठेवली तरी एक अडचण उरते. सगळी कामे सारखीच जागा मागत नाहीत आणि आत आल्यावर आणखी मागतात. एकाच्या हाती थोडी, दुसऱ्याच्या हाती थोडी आणि दोघेही उरलेल्या जागेसाठी अडून बसले, तर कोणाचेच काम पुढे सरकत नाही. याला डेडलॉक म्हणतात. डाइक्स्ट्रा त्याला जीवघेणी मिठी म्हणत. १९६५ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना परीक्षेत घातलेला, पाच संगणक आणि त्यांच्या सामाईक टेप यंत्रांचा प्रश्न याच प्रकारचा होता. पुढे टोनी होअर यांनी त्याला जेवायला बसलेल्या पाच तत्त्वज्ञांचे रूप दिले. पाच जणांत पाच काटे आणि जेवायला प्रत्येकाला दोन हवेत. प्रत्येकाने डावा काटा उचलून धरला, तर पाचही जण उपाशी.

यावर त्यांनी सुचवलेली रीत बँकर्स अल्गोरिदम म्हणून ओळखली जाते. पतसंस्थांचे जाळे असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात ती समजावून सांगणे अवघड नाही.

समजा, एका पतसंस्थेकडे १० लाख रुपये आहेत आणि तीन शेतकऱ्यांनी आपली पूर्ण गरज आधीच सांगून ठेवली आहे. पहिल्याला विहिरीसाठी ८ लाख, दुसऱ्याला ठिबकसाठी ५ लाख, तिसऱ्याला गोठ्यासाठी ६ लाख. अट अशी, की काम पूर्ण झाले तरच पैसे परत येणार, अर्धवट राहिले तर नाही. आतापर्यंत पहिल्याने ४, दुसऱ्याने २ आणि तिसऱ्याने १ लाख उचलले आहेत. तिजोरीत ३ लाख शिल्लक.

आता तिसरा आणखी १ लाख मागतो. तिजोरीत ३ लाख आहेत, मग द्यायला हरकत काय? देऊन पाहू. शिल्लक उरते २ लाख. पहिल्याला अजून ४ हवेत, दुसऱ्याला ३ आणि तिसऱ्याला ४. दोन लाखांत कोणाचेच काम पूर्ण होत नाही. तिघेही अडकले आणि पतसंस्थाही.

तोच १ लाख दुसऱ्याने मागितला असता तर? शिल्लक २ लाख आणि दुसऱ्याची उरलेली गरजही २ लाखच. त्याचे काम पूर्ण होते आणि ५ लाख परत येतात. त्यातून पहिल्याला ४ दिले, की त्याची विहीर पूर्ण आणि ८ लाख परत. तिजोरीत ९ लाख झाले, तिसऱ्याचे ५ सहज निघतात. रक्कम तीच, तिजोरी तीच, पण एकाला होकार आणि दुसऱ्याला थोडे थांबा.

म्हणजे आज शिल्लक आहे का, एवढे पाहून भागत नाही. हे दिल्यानंतर सर्वांची कामे पूर्ण होण्याचा एक तरी क्रम उरतो का, हे पाहावे लागते. उरत असेल तर स्थिती सुरक्षित, नसेल तर मागणी नाकारायची नाही, फक्त थांबवायची. रुपयांच्या जागी मेमरी आणि शेतकऱ्यांच्या जागी प्रोग्राम ठेवले, की संगणकाचा हिशेब तयार.

आजचे संगणक ही रीत वापरतात का?

पूर्णपणे नाही. बँकर्स अल्गोरिदमसाठी प्रत्येक कामाने आपली जास्तीत जास्त गरज आधी सांगावी लागते. आजचे प्रोग्राम ती सहसा सांगू शकत नाहीत. शिवाय कामे सतत येत-जात असतात. प्रत्येक मागणीला एवढा हिशेब करणे महागात पडते.

म्हणून लिनक्ससारख्या सिस्टीमने उलटी वाट धरली. सगळेच जण मागितलेली सर्व मेमरी वापरत नाहीत, असे गृहीत धरून ती असलेल्यापेक्षा जास्त मेमरीचे आश्वासन देते. बहुतेक वेळा हे निभावते. निभावले नाही, तर आधी मेमरीतील तुकडे डिस्कवर आणि डिस्कवरचे मेमरीत अशी ने-आण सुरू होते. संगणक काम कमी आणि हमाली जास्त करू लागतो. लॅपटॉप गोठतो तो यामुळे. त्यानेही भागले नाही, तर सिस्टीम एखाद्या प्रोग्रामची निवड करून त्याला थेट बंद करते. सातबाऱ्याचा प्रोग्राम न सांगता नाहीसा झाला तो असाच.

म्हणजेच जो हिशेब ऑपरेटिंग सिस्टीम करत नाही, तो प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच करावा लागतो.

काम पूर्ण झाले, गट मोडला

टीएचई सिस्टीम जगभर नावाजली गेली, पण तिच्या निर्मात्याला घरच्या विद्यापीठात वेगळाच अनुभव आला. गणित विभागाला संगणकशास्त्र हा आपला विषय वाटत नव्हता. डाइक्स्ट्रा यांनी उभा केलेला गट मोडण्यात आला. पुढे काय करावे, हेही त्यांना सुचत नव्हते. १९६८ मध्ये ते खोल नैराश्यात गेले.

कित्येक महिन्यांनी त्यांनी पुन्हा लिहायला घेतले, तेही स्वतःला सावरण्यासाठी. ऑगस्ट १९६९ मध्ये संरचित प्रोग्रामिंगवरील त्यांचे टिपण तयार झाले आणि तिथून ते बरे होत गेले. मोठा प्रोग्राम माणसाच्या डोक्यात मावेल अशा छोट्या तुकड्यांत कसा बांधावा, हा त्या टिपणाचा विषय. मेमरी यंत्राची असो वा माणसाची, ती मर्यादित आहे हे मान्य करूनच काम आखायचे, हे सूत्र इथेही दिसते. पुढे या टिपणाने प्रोग्रामिंग शिकवण्याची पद्धतच बदलली. १९७२ मध्ये संगणक क्षेत्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला.

काम न थांबवता सफाई

१९७३ पासून ते बरोज या संगणक कंपनीचे संशोधक म्हणून न्यूनेन गावातील घरातूनच काम करू लागले. या काळात, १९७८ मध्ये, लेस्ली लॅम्पोर्ट, कारेल स्कोल्टेन आणि आणखी दोघांसोबत त्यांनी मेमरीचा दुसरा मोठा प्रश्न हाताळला. प्रोग्रामने वापरून सोडून दिलेली जागा गोळा कशी करायची? तोवर त्यासाठी प्रोग्राम थांबवून सफाई करण्याची पद्धत रूढ होती. काम चालू असताना शेजारी दुसऱ्या कामाने सफाई करावी, असे या पाच जणांनी ठरवले.

त्यासाठी मेमरीतील वस्तूंना तीन रंग दिले. न तपासलेली वस्तू पांढरी. वापरात असल्याचे कळले, पण ती आणखी कोणाकडे बोट दाखवते हे पाहायचे राहिले, तर करडी. पूर्ण तपासलेली काळी. शेवटी करडे काहीच उरले नाही, की जे पांढरे राहिले ते टाकाऊ. अडचण एकच, तपासणी चालू असताना प्रोग्राम बोटे फिरवत असतो. त्यासाठी नियम केला, की नव्या वस्तूकडे बोट वळवले की ती लगेच करडी करायची. म्हणजे वापरातील वस्तू चुकून कचऱ्यात जाणार नाही. हजारो समांतर कामांसाठी वापरल्या जाणाऱ्या गो या भाषेतील मेमरीची सफाई आजही या तीन रंगांच्या पद्धतीवर चालते.

महाराष्ट्राशी धागा

समांतर कामांचा प्रश्न महाराष्ट्रातही मोठ्या प्रमाणावर हाताळला गेला. पुण्यातील सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार केला. त्या प्रकल्पाचे नेतृत्व करणारे विजय भटकर हे बुलढाण्याला लागून असलेल्या अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे. परममध्ये ट्रान्सप्युटर नावाचे अनेक प्रोसेसर होते. प्रत्येकाची मेमरी स्वतंत्र आणि एकमेकांना निरोप पाठवून काम. सामाईक मेमरीच नसल्याने तिच्यावरून होणारी ओढाताण टळत होती. या ट्रान्सप्युटरमागील निरोपांची कल्पना टोनी होअर यांच्या सिद्धांतावर आधारलेली होती. पाच तत्त्वज्ञांच्या गोष्टीला नाव देणारे ते हेच होअर.

शाईपेनाने लिहिलेली १३०० टिपणे

१९८४ मध्ये डाइक्स्ट्रा अमेरिकेतील ऑस्टिन येथे टेक्सास विद्यापीठात गेले आणि १९९९ मध्ये तिथूनच निवृत्त झाले. आयुष्यभर प्रोग्रामविषयी विचार करणारा हा माणूस संगणक मात्र क्वचितच वापरत असे. शाईपेनाने, सुवाच्य अक्षरात ते टिपणे लिहीत, त्यांना क्रमांक देत आणि प्रती सहकाऱ्यांना पाठवत. अशी १३०० हून अधिक टिपणे आज ऑस्टिनच्या विद्यापीठाने सर्वांसाठी इंटरनेटवर ठेवली आहेत. घरात टीव्ही नव्हता. पत्नीसोबत फोक्सवॅगनच्या व्हॅनमधून राष्ट्रीय उद्याने पाहणे आणि पियानो वाजवणे ही त्यांची आवड.

६ ऑगस्ट २००२ रोजी न्यूनेन येथील घरी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षीपासून वितरित संगणनातील प्रभावी शोधनिबंधासाठीच्या पुरस्काराला त्यांचे नाव देण्यात आले.

सातबाऱ्याच्या प्रोग्रामचे काय?

आता त्या प्रोग्रामकडे परत येऊ. आधी एकच सातबारा चालवून जास्तीत जास्त किती मेमरी लागते ते मोजायचे. ५० एमबी धरू. आठ जीबीपैकी दोन जीबी सिस्टीम आणि इतर प्रोग्रामांसाठी बाजूला ठेवले, तर उरतात सहा जीबी. त्यात साधारण १२० कामे बसतात. थोडी मोकळीक ठेवून १०० हा आकडा सेमाफोरला द्यायचा. फाइल उघडण्याआधी परवानगी घ्यायची, उघडल्यानंतर नाही. वाचलेली माहिती लगेच तक्त्यात लिहायची, स्कॅन सोडून द्यायचा आणि मगच परवानगी परत करायची. मधे काही बिघडले तरी ती परत झालीच पाहिजे, नाहीतर दर चुकीला एक जागा कायमची अडते आणि शेवटी बारी थांबते.

एका वेळी शंभरच म्हणजे वेळ जास्त लागेल, अशी शंका येऊ शकते. पण प्रोसेसरला आठ गाभे असतील, तर एका क्षणी खऱ्या अर्थाने आठच कामे चालतात. बाकीची फाइल डिस्कवरून येण्याची वाट पाहत असतात. पाच हजार एकदम उघडल्याने वेग वाढत नाही, फक्त गर्दी वाढते. शंभर-शंभरच्या बारीत पाचही हजार सातबारे पार पडतात आणि लॅपटॉपवर इतर कामेही करता येतात.

हा बदल कोडच्या जेमतेम चार-पाच ओळींचा आहे. त्या ओळींतील सेमाफोर आइंडहोवनमध्ये ११० किलोबाइटच्या संगणकावर तयार झाला होता. आज मेमरी हजारो पटींनी वाढली, तशी कामेही वाढली. त्यामुळे कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला थांबवायचे, याचा हिशेब काम सुरू होण्याआधी करणे अजूनही तितकेच गरजेचे आहे.